‘दोनच ग्लास’ : घरच्या घरी दारू सोडण्याचं एक प्रकरण

केसपेपरवर मद्यपानाच्या रकान्यात ‘कधीतरी, दोन ग्लास’ असं लिहिलं होतं. त्या शब्दांपायी उपचाराचे वीस तास वाया गेले.

मी एका रुग्णालयाच्या व्यसनोपचार विभागात समुपदेशनाचं काम करते. कुणाची ओळख पटू नये म्हणून या प्रकरणात तीन-चार रुग्णांचे तपशील एकमेकांत मिसळले आहेत. घटनांचा क्रम आणि वैद्यकीय बाजू मात्र अशा रुग्णांत दिसते तशीच ठेवली आहे. दारूचे दुष्परिणाम म्हटलं की यकृत, अपघात, कर्ज, मारझोड या गोष्टी सगळ्यांना आठवतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू बंद केली तर ते बंद करणंच जिवावर बेतू शकतं, हे मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असतं. हे प्रकरण त्याचं आहे.

मंगळवार सकाळ ते बुधवार पहाट

रुग्ण ५४ वर्षांचे, एका कंपनीत हिशेबनीस. मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास न्हाणीघरात पडले. अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले, जीभ चावली गेली. मिनिट-दीड मिनिटात फिट थांबली, पण पुढचा अर्धा तास ते कुणालाच ओळखत नव्हते. पत्नी आणि मुलगी त्यांना घेऊन तातडीच्या विभागात आल्या.

तिथे नेहमीचे प्रश्न झाले. याआधी कधी फिट? नाही. डोक्याला मार? नाही. मधुमेह? नाही. दारू? पत्नीने क्षणभर मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तसे ते घेत नाहीत हो. कधीतरी. दोन ग्लास.” तरुण डॉक्टरांनी ऐकलं तसं उतरवून घेतलं. मागे रांग होती आणि समोर नीटनेटक्या कपड्यांतलं, भेदरलेलं कुटुंब. त्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. पण एक प्रश्न राहून गेला : “शेवटची कधी घेतली?” तो विचारला असता तर उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं. “परवा रात्री. आता सोडलीय त्यांनी.” हे तर बाई अभिमानाने सांगणार होत्या.

मेंदूचा सीटी स्कॅन स्वच्छ निघाला. ‘पहिली फिट, कारण अस्पष्ट’ अशी नोंद होऊन ते वॉर्डात आले आणि ग्लुकोजचं सलाईन सुरू झालं. संध्याकाळी घाम सुटला, हात कापू लागले, नाडी ११८, रक्तदाब १७०/१०४. घाबरले असतील, असं म्हणून ते सोडून दिलं गेलं. रात्री झोप नाही. बाराच्या पुढे त्यांनी दोनदा विचारलं, “व्हाउचर आली का?” पहाटे चारला ते पलंगावर ताठ बसले होते. अंगठा जिभेला लावायचा आणि चादरीवरून एकेक पान उलटायचं. पानं नव्हतीच, पण ते बेरजा मोठ्याने म्हणत होते आणि मध्येच चादरीवरच्या मुंग्या झटकत होते. मुंग्याही नव्हत्या. ताप १०२, नाडी १४०. सलाईनची सुई त्यांनी उपटून काढली, कारण ती “ऑफिसची नाही”.

रात्रपाळीच्या वयस्क सिस्टरना काय ते कळलं. आयुष्यभर केलेलं काम अशा भ्रमात हात आपोआप करू लागतात. सुतार हवेत रंधा मारतो, चालक स्टिअरिंग फिरवतो. हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. त्यांनी पत्नीला विचारलं नाही. मुलीला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि म्हणाल्या, “बाळ, खरं सांग. बाबा रोज किती घेतात? नावं ठेवायला विचारत नाही गं, औषध ठरवायला विचारतेय.”

मुलगी म्हणाली, “रोज घेतात. किती ते नाही माहीत. पण सकाळीसुद्धा घेतात.”

पुढच्या वीस मिनिटांत ते अतिदक्षता विभागात होते. शिरेतून लोराझेपाम हे मेंदू शांत करणारं औषध, भरपूर थायमिन, घसरलेलं मॅग्नेशियम भरून काढणं, ताप उतरवणं, पाणी आणि क्षार सावरणं असं सगळं एकदम सुरू झालं. शुद्ध पूर्ण यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांतलं त्यांना आजही काही आठवत नाही.

शरीरात काय घडलं

या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, म्हणजे कापऱ्यासह येणारा भ्रम. हे नाव १८१३ मध्ये थॉमस सटन या इंग्लिश डॉक्टरने दिलं. हा आजार दारूशी निगडित आहे हे तेव्हापासून माहीत होतं. पण तो दारूमुळे होतो, दारूड्याच्या कुपोषणामुळे होतो की दारू थांबल्यामुळे होतो, यावर पुढे शंभरहून अधिक वर्षं वाद चालला. १९५५ मध्ये हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे तो मिटवला. तिथे उपचारासाठी असलेल्या दहा माजी मॉर्फिन-व्यसनींना उत्तम आहार आणि जीवनसत्त्वं देत आठवड्यामागून आठवडे दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. सर्वांत जास्त दिवस प्यायलेल्यांपैकी काहींना फिट आल्या, काहींना पूर्ण भ्रम झाला. पोषण चांगलं होतं, म्हणजे कारण एकच उरलं : थांबणं. असा प्रयोग आज कुणीही करू देणार नाही आणि देऊही नये. त्या दहा जणांनी काय सोसलं ते वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. पण आजच्या रुग्णांचे जीव वाचतात त्यात त्या माणसांचा वाटा आहे.

असं का होतं, ते मी घरच्यांना एका दाराचं उदाहरण देऊन सांगते. दारू मेंदूला शांत करते. गाबा नावाचं रसायन मेंदूची धावपळ थांबवतं, त्याचा जोर दारू वाढवते. ग्लुटामेट मेंदूला चेतवतं, त्याला ती दाबते. रोज, वर्षानुवर्षं एका बाजूने असं दार लोटलं जात असेल, तर मेंदू दुसऱ्या बाजूने तेवढ्याच ताकदीने रेटायला शिकतो. गाबाला प्रतिसाद कमी देतो, ग्लुटामेटच्या जागा वाढवतो. दोन्हीकडून जोर सारखा असल्याने दार हलत नाही आणि माणूस अगदी धड दिसतो. मग एका रात्री एका बाजूचा माणूस बाजूला होतो. दुसऱ्याचा जोर तसाच असतो, आणि दार धाडकन उघडून तो आत कोसळतो.

हा जोर ओसरायला काही दिवस लागतात, आणि धोका असतो तो याच दिवसांत. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात कापणं, घाम, मळमळ, जीव घाबरा होणं सुरू होतं. फिट बहुधा सहा ते अठ्ठेचाळीस तासांत येतात. भ्रमाची अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सुरू होते. या गृहस्थांचा शेवटचा ग्लास रविवारी रात्री दहाचा. फिट चौतिसाव्या तासाला आली, भ्रम चोपन्नाव्या तासाला. पाठ्यपुस्तकातून उचलून ठेवावं इतकं हे तंतोतंत आहे, फक्त घड्याळ कुठून सुरू झालं ते कुणाला सांगितलं गेलं नव्हतं.

दारू सोडणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही. बहुतेकांचं काम घाम, कापरं आणि चार जागरणांवर भागतं. अवलंबून असलेल्यांपैकी साधारण ३ ते ५ टक्क्यांनाच भ्रमाची अवस्था गाठते. पण गाठली आणि उपचार मिळाले नाहीत, तर जुन्या नोंदींत मृत्यूचं प्रमाण एक तृतीयांशापर्यंत गेलेलं दिसतं. वेळेवर उपचार मिळाले तर ते पाच टक्क्यांच्या आत येतं. इतकी तफावत निव्वळ खरी माहिती वेळेत मिळण्यावर अवलंबून असते, म्हणून केसपेपरवरचा तो शब्द मला विसरता येत नाही.

ग्लुकोजबद्दलही सांगायला हवं. खूप वर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार कमी उरलेलं असतं. साखर जाळायला मेंदूला तेच लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि वेर्निके नावाचा मेंदूविकार उफाळू शकतो : गोंधळ, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना तोल जाणं. ही तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात, त्यामुळे तो हुकतो. हुकला तर नवी आठवण साठवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून पिणाऱ्या माणसाला थायमिन आधी किंवा बरोबरीने देतात. रक्तातली साखर धोक्याइतकी उतरली असेल तर मात्र ग्लुकोज अडवून धरायचं नसतं. या गृहस्थांना थायमिन जवळजवळ एक दिवस उशिरा मिळालं. त्याची किंमत किती मोजावी लागली, ते पुढे येतंच.

तिसऱ्यांदा सोडली होती

घरच्यांकडून सगळी हकिकत मिळायला आठवडा लागला. ती तुकड्यातुकड्यांनी आली, आणि बरीचशी पत्नी खोलीत नसताना आली.

ही सोडण्याची तिसरी खेप होती. सहा वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा शपथ घेऊन दारू बंद केली. चार दिवस घाम आणि जागरण, मग ठीक. दोन महिन्यांनी पुन्हा सुरू. तीन वर्षांपूर्वी दुसरी खेप झाली, तेव्हा दुसऱ्या रात्री त्यांना दाराशी कुणीतरी उभं दिसलं. पत्नी रात्रभर दिवा लावून बसल्या, सकाळी ते म्हणाले “स्वप्न पडलं असेल”, आणि विषय मिटला. या खेपेला फिट आली आणि भ्रमही झाला.

याला वैद्यकात किंडलिंग म्हणतात. ओल्या लाकडाला ठिणगी पडून ते विझावं, पण दर वेळी थोडं वाळत जावं आणि शेवटी एका ठिणगीने पेटावं, तसं. एकदम दारू तोडण्याची प्रत्येक खेप मेंदूला पुढच्या खेपेसाठी अधिक ज्वालाग्राही करून ठेवते. जेम्स बॅलेंजर आणि रॉबर्ट पोस्ट यांनी ही कल्पना १९७८ मध्ये मांडली. घरातल्या माणसांना प्रत्येक खेप ‘या वेळी निर्धार कमी पडला’ अशीच दिसते. खरं तर निर्धार तिन्ही वेळा सारखाच होता, आजार मात्र दर खेपेला पुढे गेलेला होता.

या खेपेचं निमित्त मुलगी होती. नोकरीनिमित्त ती दुसरीकडे राहते. सुट्टीत घरी आली तेव्हा बाबांच्या कपाटात फायलींच्या मागे बाटल्या सापडल्या. ती चिडली, रडली आणि म्हणाली, “आजपासून बंद, नाहीतर मी या घरात पाय ठेवणार नाही.” त्यांनी मान हलवली. रविवारी रात्री शेवटचा ग्लास घेतला आणि उरलेली बाटली स्वतः मोरीत ओतली. सोमवारी सकाळी हात थरथरत होते तरी दाढी केली आणि कामावर गेले. त्या दिवशी त्यांनी दाखवलेली हिंमत खरी होती, आणि ती सांगायलाच हवी. ती दाखवली आणि तीच अंगावर आली.

“मीच केलं ना हे?” मुलीने मला पहिल्या भेटीतच विचारलं. मी तिला म्हटलं ते इथेही लिहिते. तिचं मागणं बरोबर होतं. बंद व्हायलाच हवी होती. फक्त ‘आजपासून’ या शब्दाच्या जागी ‘उद्या डॉक्टरकडे जाऊन’ हे शब्द हवे होते, आणि ते तिला कुणी शिकवले नव्हते.

सिस्टरने त्या पहाटे न विचारलेली एक गोष्ट नंतर निघाली. दोन वर्षांपासून ते झोपेच्या गोळ्याही घेत होते. आई गेल्यानंतर झोप उडाली होती, एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलाम लिहून दिलं होतं, आणि ती चिठ्ठी कधी जुनी झालीच नाही. या गोळ्या आणि दारू मेंदूत एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या आहेत. एकत्र घेतल्या तर श्वास मंदावून झोपेतच माणूस जाऊ शकतो, आणि दोन्ही एकदम थांबवल्या तर मागे वर्णन केलेलं दार दुप्पट जोराने उघडतं. रविवारी त्यांनी गोळ्यांची पाकिटंही फेकली होती. सगळं स्वच्छ करायचं होतं ना!

जाता जाता सांगते, कारण लोक सगळी व्यसनं एकाच मापाने मोजतात : हेरॉइनसारखे अफूजन्य पदार्थ थांबवताना अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, माणूस तळमळतो, पण एरवी धडधाकट असलेला प्रौढ त्या त्रासाने क्वचितच दगावतो. तिथे जीव जातो तो जास्त मात्रेने. काही आठवडे थांबल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्याच मात्रेला परत गेलेल्याचा श्वास बंद पडतो. दारू आणि झोपेच्या गोळ्यांचं उलट आहे. तिथे थांबणंसुद्धा जीवघेणं ठरू शकतं.

मापन

शुद्धीवर आल्यावर नवव्या दिवशी मी त्यांच्याशी पहिल्यांदा नीट बोलले. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. तीत ० ते ४० गुण पडतात, आणि २० किंवा त्याहून अधिक गुण अवलंबित्वाकडे बोट दाखवतात. दुसऱ्या प्रश्नावर ते अडले : पिता त्या दिवशी किती पिता?

“दोनच ग्लास,” ते म्हणाले. शांतपणे, खात्रीने.

ते खोटं बोलत नव्हते. मुलीने घरून तो ग्लास आणला होता. मी विभागातला मोजपात्राचा जग दिला आणि म्हटलं, “रोज भरता तसा पाण्याने भरून दाखवा.” त्यांनी भरला. जगात ओतला तर १५० मिलिलिटर. वरून पाणी किती घालायचे, तर ‘थोडंसं’.

पुढचं गणित त्यांच्याच हातात दिलं. दोन ग्लास म्हणजे ३०० मिलिलिटर. त्यांच्या दारूत अल्कोहोल ४० टक्के, म्हणजे १२० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. एक मिलिलिटर अल्कोहोलचं वजन ०.७८९ ग्रॅम. गुणाकार त्यांनी तोंडी केला : ९५ ग्रॅमला किंचित कमी. मोजणीचं प्रमाण पेय १० ग्रॅमचं धरतात. म्हणजे ‘दोनच ग्लास’ ही साडेनऊ पेयं होती. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त, महिन्यातून एकदा जरी झालं तरी जागतिक आरोग्य संघटना ते अतिमद्यपानाच्या प्रसंगात मोजते. यांचा तो प्रसंग रोजचा होता. सकाळी झाकणभर घ्यायचे ती तर अजून हिशेबात धरलीच नव्हती.

ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एवढी मोठी चूक माझ्या खात्यात कधी निघाली नाही.”

ऑडिटचे गुण २९ भरले. रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स बिघडलेली : जीजीटी बरंच वाढलेलं, एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून अधिक, तांबड्या पेशी फुगलेल्या. या गोष्टी एका महिन्यात होत नाहीत. आणि तरी घरातलं प्रत्येक माणूस मला एकच वाक्य ऐकवत होतं : “पण ते कधी झिंगलेले दिसले नाहीत.” हे वाक्य निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून सांगितलं जातं, मी ते लक्षण म्हणून लिहून घेते. साडेनऊ पेयांनंतर ज्याची जीभ अडखळत नाही, त्याच्या मेंदूने दार किती जोराने रेटून धरलं असेल!

खुणा होत्याच. दीड वर्षापासून सकाळी हात थरथरायचे आणि झाकणभर घेतली की थांबायचे. बँकेने दोनदा धनादेश परत केले होते, सही नमुन्याशी जुळत नाही म्हणून. कंपनीत याची चर्चाही झाली. वय, ताण, डोळे अशी कारणं निघाली. पत्नी अधूनमधून “त्यांना ताप आहे” असा फोन करत. त्यांना कुणी ‘पांघरूण घालणारी’ म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. नोकरी गेली तर घर बुडेल, ही भीती खोटी नव्हती. पण त्या प्रत्येक फोनने आजाराला आणखी एक दिवस मिळाला, हेही खरं.

“आमच्यासारखं कुणाचं असतं का?”

पत्नीने हा प्रश्न अगदी हलक्या आवाजात विचारला. त्यांना वाटत होतं, आपलं घर जगावेगळं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०१९ मधले आकडे आहेत : पंधरा वर्षांवरचे सुमारे ४० कोटी लोक मद्यपानाशी निगडित विकारासह जगत होते, त्यांपैकी जवळपास २१ कोटी अवलंबित्वाच्या टप्प्यावर. त्या वर्षी दारूमुळे २६ लाख मृत्यू झाले, त्यांतले २० लाख पुरुष. इतर अमली पदार्थांमुळे झालेले मृत्यू त्याच वर्षी सुमारे ६ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाच्या हिशेबाने २०२२ मध्ये २९ कोटींहून अधिक लोकांनी कुठला ना कुठला अमली पदार्थ वापरला, ६ कोटी ४० लाखांना त्याचा विकार जडलेला होता, आणि त्या विकारग्रस्तांपैकी अकरांत एकालाच उपचार मिळत होते. स्त्रियांमध्ये तर अठरांत एकीला.

हे आकडे मी त्यांना एका कागदावर लिहून दिले. त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवले. दोन दिवसांनी व्यसनींच्या कुटुंबीयांच्या गटात त्या पहिल्यांदा आल्या, तासभर काहीच बोलल्या नाहीत, आणि निघताना शेजारच्या बाईंना म्हणाल्या, “तुमच्याकडेही फायलींच्या मागेच ठेवायचे का?”

उपचार आणि चौथा महिना

घरी जाण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या होत्या : औषध, आणि पुन्हा सुरू झाली तर काय.

तलफ कमी करायला नॅल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन मुख्य औषधं आहेत. यांच्या यकृताची अवस्था पाहून मनोविकारतज्ज्ञांनी अकॅम्प्रोसेट निवडलं. दिवसातून तीन वेळा घ्यावं लागतं, हा त्याचा तोटा. झोपेच्या गोळ्या एकदम न तोडता आठवड्यांच्या हिशेबाने उतरवायचं ठरलं. थायमिन चालूच.

इथे एका नातेवाइकाने मला बाजूला घेऊन विचारलं, “ती जेवणात मिसळायची पावडर देऊ का? त्यांना कळणारही नाही.” असं विचारणारे दर महिन्याला भेटतात, आणि दर वेळी माझा आवाज चढतो. डायसल्फिरामसारखं औषध शरीरात असताना दारू पोटात गेली तर ॲसिटाल्डिहाइड साठतं : चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं. माणूस दगावू शकतो. ज्याला हे ठाऊक आहे, ज्याने स्वतः होकार दिला आहे आणि ज्याच्यावर डॉक्टरांचं लक्ष आहे, त्याच्यासाठी ते औषध आहे. नकळत दिलं तर तो विषप्रयोग आहे. शिवाय कळल्यावर त्या घरातल्या कुणाच्याही हातचं तो पुन्हा विश्वासाने जेवेल का?

पुन्हा सुरू होण्याबद्दल मी आधीच बोलते, उघडपणे, सगळ्यांसमोर. व्यसनाच्या आजारात उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात. रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषधपाण्यात ढिले पडतात तेही जवळपास याच प्रमाणात, आणि त्यांना कुणी घरातून हाकलत नाही. आम्ही एक कागद तयार केला. त्यावर वाक्य लिहिलं : “पुन्हा सुरू झाली तर एकट्याने थांबवणार नाही, फोन करीन.” त्याखाली त्यांनी सही केली. सही वाकडीतिकडी होती.

चौथ्या महिन्यात ताळेबंदाचे दिवस आले. दुपारची गोळी राहू लागली, मग रात्रीचीही. एका रात्री उशिरा काम संपवून त्यांनी वाटेत बाटली घेतली. सहा दिवस प्यायले. सातव्या दिवशी सकाळी सवयीने बाटली मोरीवर नेली, झाकण उघडलं आणि थांबले. मला फोन केला. “ओतू का?” एवढंच विचारलं.

मी म्हटलं, “ओता, पण मुलीला बरोबर घेऊन लगेच निघून या. घरी एक रात्रही काढू नका.” मुलगी तेव्हा घरी होती, हे त्यांचं नशीब.

आधी भ्रम आणि फिट झालेली, वय पन्नाशीपुढे, किंडलिंगचा इतिहास, झोपेच्या गोळ्या अजून पूर्ण उतरलेल्या नाहीत. यांतलं प्रत्येक कारण दाखल होण्याच्या बाजूने बोलतं. सकाळी हात कापणं आणि घेतल्यावर थांबणं, दुसरा गंभीर आजार, घरी सोबतीला कुणी नसणं, हीसुद्धा तशीच कारणं. या वेळी केसपेपरवर सगळं होतं : शेवटचा घोट किती वाजता, रोज किती ग्रॅम, कोणत्या गोळ्या. सिस्टर दर काही तासांनी सीवा नावाच्या दहा निकषांच्या तक्त्यावर गुण मांडत होत्या. हाताचं कापरं, घाम, अस्वस्थता, भास असं एकेक पाहून. पहिल्या संध्याकाळी १७, दुसऱ्या दिवशी ११, चौथ्या दिवशी ४. औषध त्या गुणांप्रमाणे वाढलं आणि उतरलं. फिट नाही, भ्रम नाही. सहाव्या दिवशी चालत घरी गेले. डिसेंबरच्या थंडीसारखा कोरडा, कंटाळवाणा मुक्काम होता तो, आणि उपचार असेच कंटाळवाणे व्हायला हवेत.

तेव्हापासून दहा महिने झाले. मधल्या काळात एका संध्याकाळी दोन घोट झाले, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं. यकृताच्या चाचण्या जवळपास सुधारल्या. स्मरणशक्ती पूर्ण परतली नाही. सकाळी ठरलेली गोष्ट दुपारी निसटते, लांब बेरीज दोनदा करावी लागते, म्हणून कंपनीने त्यांना हलकं काम दिलं आहे. पहिल्या दिवसाचं उशिरा मिळालेलं थायमिन, त्याआधीची वीस वर्षं, की दोन्ही, हे वेगळं काढून सांगता येणार नाही. पत्नी कुटुंबीयांच्या गटात आता नव्याने येणाऱ्या बायकांशेजारी बसतात. नव्या बाईंनी डॉक्टरांसमोर “कधीतरी घेतात” असं म्हटलं की त्या हळूच त्यांचा हात दाबतात.

मागच्या आठवड्यात ते पुढच्या सहा महिन्यांच्या उपचाराचा फॉर्म भरायला आले होते. सही केली आणि पाकिटातून एक जुना कागद काढला, बँकेतल्या नमुना-सहीची प्रत. दोन्ही शेजारी ठेवून चष्मा वर सरकवून ताडून पाहिलं.

“शेवटचा फराटा अजून जमत नाही,” म्हणाले आणि पुढची तारीख विचारली.